बिनहाताची मूठ

मनीषा संकपाळला भरपाई नको होती. तिला मालकाचा हात हवा होता.

तिनं हे तोंडावर सांगितलं तेव्हा अ‍ॅडव्होकेट रेहाना मुजावर यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पंचवीस वर्षं त्या कोल्हापुरात कामावरच्या अपघातांचे दावे लढवत होत्या. बोटं गेलेली, पाय गेलेली, डोळा गेलेली माणसं समोरच्या खुर्चीत बसून गेली होती, आणि पहिल्या भेटीत प्रत्येक जण असंच काहीतरी बोलतो हे त्यांना पाठ होतं. पण ही बाई अकराव्या महिन्यात बोलत होती, आणि तेही दावा जिंकत आलेला असताना.

"मनीषा, नीट ऐका," रेहानाबाई म्हणाल्या. "विमा कंपनी नवा हात द्यायला तयार झालीय. शोभेचा नव्हे. बोटं मनात आणाल तशी हलतील, गरम-गार कळेल, भाकरी थापता येईल. वर जन्मभर महिन्याचा पगार. एक सही करायची आणि घरी जायचं."

"आणि मालक?"

"मालक त्यांच्या घरी."

"मग न्हाई करत सही."

शेजारी तिचा नवरा रणजित बसला होता. शाळेची बस चालवणारा शांत माणूस. अकरा महिने तो रोज सकाळी बायकोची वेणी घालत होता आणि ती वेणी अजूनही डावीकडं कलंडत होती.

"सांगून सांगून थकलो, मॅडम," तो म्हणाला. "हात मिळतोय तर घे म्हटलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलली न्हाई."

मनीषानं त्याच्याकडं बघितलंही नाही.

विलासराव खोतांच्या कारखान्यात तिनं बारा वर्षं काढली होती. काम सरळ होतं. प्रेसखाली पत्रा ठेवायचा, पायानं कळ दाबायची. वरून शंभर टनांच्या जोरानं ठसा खाली येई आणि पत्र्याला ट्रॅक्टरच्या भागाचा आकार देऊन वर जाई. जुन्या प्रेसवर बायका चिमट्यानं पत्रा सरकवत. गणपतीत आणलेल्या नव्या प्रेसला मात्र डोळा होता. दोन बाजूंना काळ्या काचेच्या दोन उभ्या पट्ट्या आणि त्यांच्यामधून जाणारे, माणसाला न दिसणारे प्रकाशाचे किरण. हात आत गेला की किरण तुटणार आणि प्रेस जागच्या जागी थांबणार. खोतांनी पहिल्या दिवशी स्वतः हात घालून दाखवला होता. "बघा, आता चिमटा नको. आत पोरगं झोपवलं तरी मशीन हलत न्हाई."

गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या प्रेसचा डोळा बिघडला. सकाळपासून मशीन चालूच होईना. दुरुस्तीचा माणूस पुण्याहून यायला चार दिवस लागणार होते आणि माल तुंबला होता. पाळी सुटल्यावर खोतांनी फिटरला बोलावलं आणि डोळ्याला बगल देणारी एक वायर जोडून घेतली. आता डोळा असून नसल्यासारखा होता. हे खोतांना ठाऊक होतं, फिटरला ठाऊक होतं. बायकांना कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मनीषानं वाकडा बसलेला पत्रा सरळ करायला उजवा हात आत घातला.

ठसा खाली आला आणि तिथंच अडकला. फिटर चहाला गेला होता. त्याला शोधून आणून ठसा वर जाईपर्यंत चार मिनिटं गेली.

एवढं होऊनही तिचं वैर त्या चार मिनिटांपायी नव्हतं. तिसऱ्या दिवशी खोत दवाखान्यात आले. हातात सफरचंदांची पिशवी, मागं कारखान्यातली दहा माणसं. तिच्या मनगटावरच्या बँडेजच्या पांढऱ्या गोळ्याकडं बघून ते म्हणाले, "मनीषा, लक्ष कुठं होतं तुझं?" तेवढंच. पिशवी ठेवली आणि गेले. विम्याच्या कागदावरही त्यांनी तेच लिहून दिलं, कामगाराचं लक्ष नव्हतं म्हणून. सासरच्या, माहेरच्या, गल्लीतल्या माणसांनी ते ऐकलं आणि सगळ्यांना ते पटलंही, कारण दुसऱ्याचा हात तुटला की तो त्याच्याच चुकीनं तुटला असं मानायला माणसाला बरं वाटतं.

आणि हात गेला तरी मूठ राहिली होती. मनगटाच्या पुढं काही नाही, तरी तिथं एक मूठ गच्च वळलेली, नखं तळव्यात रुतलेली. दिवसातून दहा वेळा ती आवळायची. आवळली की मनीषाच्या कानात तेच वाक्य वाजायचं.

"मला ते कलम लावायचंय," ती रेहानाबाईंना म्हणाली. "चार मिनिटांचं."

रेहानाबाईंनी सुस्कारा टाकला. हे कलम कधीतरी टेबलावर येणार, हे त्यांना माहीत होतं.

किती दुखलं, हा प्रश्न कोर्टात शतकभर अंदाजानं सोडवला जात होता. दुखणं हातात नसतं, मेंदूत असतं. मेंदूत शरीराचा एक नकाशा असतो, आणि हात तुटला तरी नकाशातला हात पुसला जात नाही. म्हणून मनीषाची मूठ शिल्लक होती. दहा वर्षांपूर्वी तो नकाशा वाचणारी टोपी निघाली. माणसाला दुखत असताना मेंदूतल्या कुठल्या पेशी, कुठल्या क्रमानं, किती जोरात पेटतात, याची ती नोंद घेई. मग उलटा प्रवासही साधला. तीच नोंद ध्वनीच्या अतिसूक्ष्म लहरींनी दुसऱ्याच्या मेंदूत उतरवायची, की त्याला तेच दुखतं, शरीराला ओरखडाही न उठता. न्यायाधीश दहा सेकंद अनुभव घेऊन भरपाई ठरवू लागले. तीन वर्षांपूर्वी कायद्यात प्रत्यनुभवाचं कलम आलं. मालकानं जाणूनबुजून सुरक्षा काढून टाकली असेल, तर जखमी माणूस मागणी करू शकतो की त्यालाही तेवढाच वेळ तेच भोगू द्या. दोषीनं ते नाकारलं तर सहा महिने तुरुंग.

"पण हे कलम मागितलं की विमा कंपनी बाजूला होते," रेहानाबाई म्हणाल्या. "कायद्यानं ठरलेली भरपाई तेवढी मिळते. नवा हात मिळत नाही. आम्ही वकील या कलमाची भीती घालतो, मनीषा. ते वापरत नाही."

"मी वापरणार."

"म्हणजे चार मिनिटांसाठी एक हात सोडून देणार?"

"त्यानं माझा एका वायरीसाठी सोडला की."

रेहानाबाई उठल्या, खिडकीशी गेल्या, परत आल्या. हट्टी अशिलाशी भांडून उपयोग नसतो. त्याचा हट्ट कायद्यात बसवावा लागतो. त्यांनी फाइल उघडली.

"एक गोष्ट मला अजून कळलेली नाही. मशीन स्वतःची नोंद ठेवतं. डोळा बिघडला सकाळी आठला. वायर जोडली संध्याकाळी सहा चाळीसला. पण साडेपाचला डोळा पुन्हा बरा झालाय. म्हणजे चांगल्या डोळ्यावर वायर जोडली. एकदा कळ दाबून बघितलं असतं तरी खोतांना कळलं असतं. आपल्या दृष्टीनं सोन्यासारखा पुरावा आहे. पण डोळा आपोआप बरा कसा झाला?"

मनीषानं पदर सारखा केला. "मशीनचं काय सांगावं," ती म्हणाली.

रणजितनं तिच्याकडं बघितलं. बारा वर्षं संसार केलेल्या माणसाला बायको कधी पदर सारखा करते, हे कळतं.

नोंद घ्यायचं काम डॉक्टर देवस्थळींकडं होतं. पन्नाशीचे, हळू बोलणारे, हातात सतत पेन्सिल. पहिले दोन तास त्यांनी मनीषाच्या डाव्या हाताला बर्फ लावला, टाचणी टोचली, गरम वाटी टेकवली. प्रत्येकाच्या मेंदूच्या गल्ल्या वेगळ्या असतात, आधी त्या ओळखीच्या कराव्या लागतात, असं ते म्हणाले. मग त्यांनी तिला डोळे मिटून त्या सकाळी परत जायला सांगितलं.

ती गेली. पत्रा वाकडा बसला. हात आत गेला. ठसा हलला.

चार मिनिटांनी तिनं डोळे उघडले तेव्हा तिचा ब्लाउज पाठीला चिकटला होता आणि रेहानाबाई तिचा डावा हात धरून उभ्या होत्या. देवस्थळी पडद्याकडं बघत पेन्सिल दाताखाली चावत होते.

"नोंद उत्तम आलीय," ते म्हणाले. "पण दोघींना एक सांगून ठेवतो. वेदना एकटी धावत नाही. कुठं दुखतंय, किती दुखतंय, कसली भीती, कुणाचा राग, हे सगळं एकाच धाग्यात ओवलेलं असतं. राग आणि भीती कापून काढली तर पुढच्याला दुखल्याचं कळतं, पण त्याचा त्रास होत नाही. म्हणून न्यायाधिकरण कापलेली नोंद मान्य करत नाही. ही जाईल ती सगळीच्या सगळी जाईल. यात एक चेहरा आहे, आणि त्या चेहऱ्याला चिकटलेला राग इतका आहे, की मी आजवर बघितलेला नाही. तो चेहऱ्यासकट जाईल."

"जाऊ दे," मनीषा म्हणाली.

"आणि अगदी सुरुवातीला, दुखायच्याही आधी, एक सेकंदभर शरम आहे."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"कशाची, ते यंत्राला कळत नाही. त्याला विचार वाचता येत नाहीत, फक्त भाव उचलता येतात. पण ज्याच्या डोक्यात जाईल त्याला ती शरम वाटेल, आणि तो विचारेल."

बाहेरच्या बाकावर बसल्याबसल्या रेहानाबाईंनीच आधी विचारलं. आवाज चढवला नाही, त्यामुळं मनीषाला जास्त भीती वाटली.

"साडेपाचला काय झालं होतं?"

मनीषानं सांगितलं. सांगताना तिची मान इतकी खाली गेली, की वेणी पुढं आली.

खंडेनवमीला कारखान्यात मशिनींची पूजा होई. दरवर्षी मालकीणबाई हळदीकुंकवाचं ताट मनीषाच्याच हातात देत. तिनं सगळ्या प्रेसना पाच बोटं कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ ओवाळला. नव्या प्रेसपाशी आली आणि थांबली. इतकं देखणं, चकचकीत मशीन. आल्यागेल्या प्रत्येकानं डोळे भरून बघितलेलं. नव्या बाळाला लावतात तशी त्याला तीट लावावी असं तिच्या मनात आलं. ताटात काजळाची डबी होती. मशीनचा चेहरा कुठला? दोन्ही बाजूंच्या त्या काळ्या काचा. एका काचेवर तिनं बोटानं काजळाचा ठिपका टेकवला.

काळ्यावर काळं. कुणाला दिसलं नाही. कुंकवातून त्या किरणांनी कदाचित वाट काढलीही असती. काजळ म्हणजे नुसती काजळी, तिनं किरण गिळून टाकला. डोळ्याला वाटलं, आत कायमचा हात आहे. म्हणून तो प्रेसला हलू देईना. त्याचं काम तो चोख करत होता.

"फिटर दिवसभर शोधत हुता," मनीषा म्हणाली. "माझ्या ध्यानात आलं दुपारी. पण सगळ्यांपुढं कसं बोलायचं? मालक आधीच तापलेले. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. पाळी सुटली तसं झाडू मारायच्या निमित्तानं गेले आणि पदरानं काच पुसली. दुसऱ्या दिवशी मशीन लगेच चालू झालं. मला वाटलं, मी पुसलं म्हणून चालू झालं. आता त्याला दिसतंय, असं वाटलं मला. म्हणून हात घातला."

रेहानाबाईंनी मांडीवरची फाइल मिटली.

"मशीनला तीट लावणं कायद्यात गुन्हा नाही," त्या म्हणाल्या. "वकिलापासून लपवणं माझ्या लेखी आहे. मनीषा, अजून वेळ आहे. विमा कंपनीची सही करा. ही नोंद बंद होईल, काजळाचं कुणाला कळणार नाही, हात मिळेल."

"आणि कलम लावलं तर?"

"तर हे आधी आपणच सांगायचं. भर न्यायाधिकरणात. त्यांच्या तोंडून निघण्याआधी आपल्या तोंडून. गल्लीतली माणसं हसतील, मालकाचा वकील तुडवेल, भरपाईतला हिस्सा कापला जाईल. तयारी आहे?"

हातही जाणार, अब्रूही जाणार. समोरच्या पारड्यात फक्त खोतांची चार मिनिटं. कुणाही शहाण्या माणसानं काय केलं असतं हे सांगायला नको. मनीषाची मूठ त्याच क्षणी आवळली आणि कानात वाक्य वाजलं.

"हाय तयारी," ती म्हणाली.

घरी कळलं तेव्हा रणजित पहिल्यांदाच तिच्यावर ओरडला. "काजळाचं मला सांगितलं असतंस तर मी हसलो असतो काय? अकरा महिने एकटीनं काढलेस! आणि आता हात सोडून त्या म्हाताऱ्याला चार मिनिटं रडवून काय मिळणार तुला?"

"तेच."

"तेच म्हणजे काय?"

"तो रडलेला."

दुसऱ्या दिवशी त्यानं वेणी घातली, पण एक शब्दही न बोलता. ती नेहमीपेक्षा सरळ आली होती.

न्यायाधिकरणात मनीषानं सगळं सांगितलं. खोतांच्या वकिलाला सुगावा नव्हता. तो आधी चकित झाला, मग खूश झाला. काजळ, तीट, पदर, प्रत्येक शब्द त्यानं तीन-तीनदा उच्चारला. मागच्या बाकांवर हशा पिकला. मनीषा खोतांकडं बघत उभी राहिली. मग रेहानाबाई उठल्या आणि त्यांनी एवढंच विचारलं, की साडेपाचला बरा झालेला डोळा सहा चाळीसला बांधताना खोतसाहेबांनी कळ एकदा तरी दाबून बघितली होती काय? बायकांना वायरीबद्दल एक शब्द तरी सांगितला होता काय?

"लक्ष कुठं होतं तुमचं?" असं काही त्या म्हणाल्या नाहीत. ते मनीषानं मनात म्हटलं.

निकाल लागला. मनीषाची भरपाई दहावा हिस्सा कापून. दोष मालकाचा, आणि जाणूनबुजून केलेला. मग अधिकाऱ्यांनी खोतांना विचारलं, सहा महिने की चार मिनिटं?

विलासराव खोत चक्क हसले. साठीचा, लेथवर उभं राहून कारखाना उभारलेला माणूस. "चार मिनिटं? हातावर तापलेला लोखंडाचा कीस घेऊन मोठं झालोय मी. लावा तुमची टोपी."

देवस्थळींनी त्यांना बजावलं, की शंभरात दोन-तीन माणसांत नोंद जाता जात नाही, मागं उरते. खोतांनी न वाचता सही केली.

काचेच्या अलीकडं मनीषा बसली, पलीकडं खुर्चीत खोत. समोर भिंतीवर घड्याळ. देवस्थळींनी कळ फिरवली. पहिल्या सेकंदाला खोतांनी मान खाली घातली, एखादं पोर चोरी पकडल्यावर घालतं तशी. ती मनीषाची शरम होती. मग त्यांचा उजवा हात वळला. तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. आवाज पहिलं मिनिट संपताना आला, आणि तो खोतांचा नव्हता. मनीषानं तो ओळखला, कारण तो तिच्याच घशातून निघाला होता, प्रेसपाशी.

रणजित उठून बाहेर गेला. रेहानाबाईंनी कागदात डोकं घातलं. मनीषा एकटी बघत राहिली. तिनं पापणी लववली नाही. दुसरं मिनिट, तिसरं मिनिट. तिला सुख होत होतं. हे लिहायला अवघड आहे, पण खरं तेच लिहायला हवं. उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं, तसं सुख.

चौथ्या मिनिटाला खोतांनी डोळे उघडले. समोरच्या काचेत त्यांचंच प्रतिबिंब पडलं होतं. ते बघताच त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते दुखणं नव्हतं. तो धगधगीत राग होता. टोपीच्या तारा ताणत ते त्या प्रतिबिंबाच्या अंगावर धावून जायला लागले आणि दोघा मदतनिसांनी त्यांना खुर्चीत दाबून धरलं.

बाहेर पडल्यावर मनीषानं पावशेर पेढे घेतले. रणजितनं एकही घेतला नाही.

"झालं समाधान?" त्यानं विचारलं.

"झालं," ती म्हणाली. बसमध्ये बसल्यावर मूठ आवळली, नेहमीसारखी.

पुढच्या वर्षीच्या खंडेनवमीला आठ दिवस राहिले असताना, सकाळी रणजित वेणीचे तीन पेड धरून बसलेला असताना, दार वाजलं. उंबऱ्यात विलासराव खोत होते. क्षणभर दोघांनी ओळखलंच नाही. दाढी छातीपर्यंत आली होती आणि उजवा हात खिशात होता.

"येऊ काय आत, मनीषाताई?"

बारा वर्षं तो माणूस तिला अगं-तुगं करत होता. रणजितनं खुर्ची पुढं केली आणि चहाचं आधण ठेवून परत येऊन पेड हातात घेतले.

खोत खुर्चीच्या कडेवर टेकले. मग बोलायला लागले तसे थांबेनात.

"त्या शंभरातल्या दोन-तिघांत मी निघालो. गेलं न्हाई ते. ही मूठ बघा." त्यांनी खिशातून हात काढला. हात धडधाकट होता, आणि गच्च वळलेला. "उघडत न्हाई. कधीकधी तासभर उघडते, परत वळते. पण दुखणं मी सोसलं असतं. दाढी करायला आरशापुढं उभा राहतो, तर आरशातल्या माणसाचा गळा धरावासा वाटतो. घरातला माझा फोटो मी स्वतः काढून ठेवलाय. माझा आवाज फोनवर ऐकला तरी डोकं तडकतं. आणि ती काजळाची शरम! ती तीट मी लावली न्हाई, ताई. तरी त्या प्रेसपुढनं जाताना माझी मान खाली जाते."

मनीषा ऐकत होती. एक शब्द सांडू देत नव्हती.

"डॉक्टर म्हणतात, एकच उपाय आहे," खोत म्हणाले. "ज्याची नोंद, त्याचीच दुसरी नोंद. तेच चार मिनिटांचं दुखणं, तोच चेहरा, पण राग नसलेला. ती वरून दिली की पहिली पुसली जाते."

"म्हणजे माफी."

"व्हय. नवा हात मी देतो. तुम्हाला मिळणार हुता तोच, गरम-गार कळणारा. नवा प्रेस विकून देतो. तुम्ही फक्त एकदा टोपीखाली बसायचं."

वेणीतली रणजितची बोटं थांबली.

"आणि खोटी माफी दिली तर?" मनीषानं विचारलं.

"चालत न्हाई. पडद्यावर दिसतं म्हणे. आतून आली तरच."

मनीषाला तो हात हवा होता. किती हवा होता हे तिचं तिला ठाऊक. भाकरी थापायची होती. स्वतःची वेणी स्वतः घालायची होती. रणजितच्या कपाळावर ताप बघायला उलटा हात टेकवायचा होता. वर्षभर तिनं जे वैर पोसलं ते फिटलं होतं, समोरचा माणूस पार मोडला होता, आता माफ करायला अडचण कसली? तिनं प्रामाणिकपणे आत शोधून बघितलं. कुठंतरी थोडी दया होती, नाही असं नाही. म्हातारा आहे, भोगलंय त्यानं. ती दया हळूहळू वर येतेय असंही तिला वाटलं. "बघते," असं ती म्हणणारच होती.

रणजितनं चहा आणून दिला. खोतांनी सवयीनं उजव्या हातानं कप घेतला, कारण तेवढ्यापुरती मूठ उघडली होती. कप तोंडाशी नेईपर्यंत ती परत वळली. कप निसटला, गरम चहा त्यांच्या मांडीवर आणि फरशीवर सांडला. ते कळवळून उभे राहिले आणि ओशाळून इकडंतिकडं फडकं शोधायला लागले.

मनीषाच्या जिभेवर शब्द आले. तिला ते थांबवता आले असते. रणजित तिच्याकडं बघत होता, नको म्हणून, डोळ्यांनी हात जोडत.

"मालक," ती म्हणाली, "लक्ष कुठं होतं तुमचं?"

खोत जागच्या जागी थांबले. मग त्यांनी मान हलवली. "हे ऐकायला कसं लागतं," ते म्हणाले, "तेही आहे माझ्याकडं."

ते चपला घालून निघून गेले. रणजितनं फडकं आणलं आणि वाकून फरशी पुसायला लागला. मनीषा अर्धी वेणी खांद्यावर घेऊन बसून राहिली. ते वाक्य म्हणताना तिच्या तोंडाला अशी गोडी आली होती, की टोपी घालून बघायची गरजच नव्हती. यंदा काही हात येत नाही, हे तिला कळून चुकलं.